उशिरा तापणारा समुद्र, उशिरा येणाऱ्या विजा

(दृश्य : काळोख. फक्त लाटांचा आवाज. क्षितिजावर एक झळक, मागोमाग शांतता.)

आत्ता जी झळक दिसली, ती इथून किती लांबची असेल? गडगडाट ऐकू आला नाही, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडची नक्की. पण खरं अंतर त्याच्या कितीतरी पट असू शकतं. ढगाचा माथा १० किलोमीटर उंचीवर असेल, तर पृथ्वीची गोलाई धरूनही तो सपाट समुद्रावर साधारण साडेतीनशे किलोमीटरवरून दिसू शकतो. मध्ये डोंगर नाही, झाड नाही, इमारत नाही. वादळाची वाट बघणाऱ्या हौशी मंडळींना किनारा आवडतो यात नवल काहीच नाही. नवल आहे ते त्यांनी निवडलेल्या ऋतूचं, आणि वेळेचंही.

युरोपात जमिनीवरच्या गडगडाटी वादळांचा हंगाम म्हणजे मे ते ऑगस्ट. दुपारी ऊन तापतं, संध्याकाळी ढग फुटतात, रात्री आभाळ निवतं. सप्टेंबर उजाडला की देशाच्या आतल्या भागातले वादळवेडे कॅमेरे आवरून ठेवतात. नेमक्या त्याच सुमाराला उत्तर समुद्राच्या आणि भूमध्य समुद्राच्या काठावरचे त्यांचे भाऊबंद झोपेच्या वेळा बदलायला लागतात. शरदातली वादळं जमिनीकडून येत नाहीत. ती समुद्रावरून येतात, आणि त्यांना दुपारच्या उन्हाची गरज नसते.

(दृश्य : सूर्योदय. पाण्यावर तरंगणारा तापमापक बोया.)

उत्तर गोलार्धात सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या आसपास. समुद्राचा पृष्ठभाग मात्र सर्वांत जास्त तापतो तो ऑगस्टच्या अखेरीस, कुठे कुठे सप्टेंबरात. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला तापायला चारपट-पाचपट उष्णता लागते. शिवाय लाटा ती उष्णता घुसळून खोलवर नेतात. जाड बुडाचं भांडं आंच काढल्यावरही बराच वेळ गरम राहतं, तसं हे. ऑक्टोबरात जमिनीवर सकाळी हात गारठत असतात, तेव्हा उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातलं पाणी अजून १४-१५ अंशांवर असतं, आणि पश्चिम भूमध्य समुद्र २० अंशांच्याही वर.

आता या उबदार पाण्यावर उत्तरेकडून थंड हवेचा लोट येऊ द्या.

किनाऱ्यावरच्या मंडळींच्या तोंडी एक आकडा कायम असतो : १३. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्यायचं. त्यातून ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचं, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचं, हवेचं तापमान वजा करायचं. फरक १३ अंश किंवा त्याहून जास्त आला, तर त्या रात्री जागायचं. हा ठोकताळा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांवरचा. तिथे तो हिमवर्षावाच्या अंदाजासाठी वापरतात. त्यामागचं गणित असं : वर जाणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते. भोवतालची हवाही उंचीबरोबर तितक्याच झपाट्याने थंड होत गेली, तर वर निघालेल्या हवेला अडवणारं काही उरत नाही. पाण्याला टेकलेली हवा ऊब आणि बाष्प घेऊन सुटते ती थेट वरच.

मग हे रात्रीच का? रात्री जमीन निवते आणि तिच्यावरची थंड, जड हवा समुद्राकडे सरकते. समोरून समुद्रावरचा वारा येत असतो. दोघांची गाठ पडते ती किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यावर. तिथे हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ढगांची रांगच्या रांग किनाऱ्याला समांतर उभी राहते. वारा समुद्राकडून जोरदार असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पाण्यावर मोकळा धावणारा वारा जमिनीला लागताच खडबडीत पृष्ठभागामुळे मंदावतो, मागून येणारी हवा त्याच्या पाठीवर साचते आणि वर ढकलली जाते. अशा पहाटे रडारवर मोठं मजेशीर चित्र दिसतं. समुद्र आणि किनाऱ्याची अरुंद पट्टी सरींनी भरलेली असते, आणि तीस-चाळीस किलोमीटर आतल्या गावात चांदणं पडलेलं असतं.

(दृश्य : फोनच्या पडद्यावर सरकणारे विजांचे ठिपके. पिवळे, नारिंगी, लाल.)

या छंदातला निम्मा वेळ आभाळाकडे नाही, पडद्याकडे बघण्यात जातो, हे कबूल करायला हवं. संगणकीय प्रारूपांचे अंदाज पाहायचे. ‘केप’ किती आहे ते पाहायचं. केप म्हणजे एक किलो हवेला वर जाताना मिळू शकणारी ऊर्जा. उन्हाळ्यात जमिनीवर ती दोन-तीन हजार ज्यूल असली की मंडळी खूश होतात. शरदात समुद्रावर चार-पाचशे ज्यूल पुरतात, कारण इथे ढग बुटके असतात. मग उपग्रहाची चित्रं. १३ डिसेंबर २०२२ रोजी युरोपने सोडलेल्या मेटिओसॅट मालिकेतल्या नव्या उपग्रहावर खास विजा टिपणारं उपकरण आहे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून त्याचे चार कॅमेरे सेकंदाला हजार प्रतिमा घेत युरोप आणि आफ्रिकेवरच्या झळका मोजतात. आणि याच्या अगदी उलट टोकाला आहे ‘ब्लिट्झऑर्टुंग’ : जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरी बसवलेल्या छोट्या ग्राहकयंत्रांचं जाळं. वीज पडली की तिच्या रेडिओलहरी निरनिराळ्या यंत्रांपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतात. त्या फरकावरून वीज कुठे पडली ते ठरतं. पडद्यावर ठिपका उमटतो तो बहुधा गडगडाट कानी येण्याआधीच.

एवढं सगळं जुळूनही हुलकावणी ठरलेलीच. सरींची रांग वीस किलोमीटर पलीकडून निघून जाते. किंवा येते, धो धो कोसळते, आणि त्यात एकही वीज नसते. हे दुसरं जास्त बोचतं.

त्याचंही कारण आहे. ढगात वीज तयार व्हायला मऊ गारा, बर्फाचे स्फटिक आणि गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र लागतात. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आपटतात आणि विद्युतभाराची वाटणी होते. हा कारखाना उणे १० ते उणे २० अंशांच्या थरात चालतो. शरदात तो थर खाली उतरलेला असतो, म्हणून पाच-सहा किलोमीटर उंचीचा ढगही कधी गरजतो. पण ढगाचा माथा त्या थरात जेमतेम पोहोचला, तर एखादी वीज चमकते आणि ढग गप्प होतो. छायाचित्रकाराची इथे कसोटी लागते. तिपाईवर कॅमेरा, दहा-वीस सेकंद उघडं ठेवलेलं शटर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. दर काही मिनिटांनी भिंगावरचा खारा थर पुसायचा. आणि ती एकुलती एक वीज नेमकी पुसता पुसता पडते.

(दृश्य : पहाट. करड्या ढगाच्या तळातून पाण्यापर्यंत उतरलेली बारीक सोंड.)

जलस्तंभ. या हंगामाचं खरं बक्षीस. कोमट पाणी, वर थंड हवा, भरभर वाढणारा ढग आणि कमी उंचीवर मंद वारा, इतकं जमलं की पाण्यावरचा भोवरा ताणला जाऊन उभा राहतो. बहुतेक जलस्तंभ दुबळे असतात, काही मिनिटांत विरतात. लहान बोटीने मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. कॅनडाचे हवामानतज्ज्ञ वेड झिलाजी यांनी जलस्तंभांच्या अंदाजासाठी एक आलेख तयार केला. त्याच्या एका अक्षावर तोच समुद्र आणि दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेतला फरक आहे, दुसऱ्यावर ढगाची जाडी. २०२० च्या सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर आठवडाभरात २३२ जलस्तंभांची आणि पाण्यापर्यंत न पोहोचलेल्या सोंडांची नोंद झाली. ती बरीचशी काठावरच्या लोकांनी पाहून कळवली म्हणून झाली.

मला विचाराल तर या छंदाची किंमत फोटोंत नाही, त्या कंटाळवाण्या नोंदींमध्ये आहे. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. शंभर किलोमीटरवर तो किरण पाण्यापासून दीड-एक किलोमीटर वर असतो. त्याखाली काय चाललंय, जलस्तंभ आहे की नाही, गारा वाटाण्याएवढ्या आहेत की लिंबाएवढ्या, हे किनाऱ्यावर उभं असलेलं माणूसच सांगू शकतं. ही परंपरा जुनी आहे. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये मॉरिस बोवर यांनी हौशी निरीक्षकांकडून गडगडाटी वादळांची गणना सुरू केली. वेळ, दिशा, गारा, नुकसान. १९७४ मध्ये टेरेन्स मीडन यांनी टोर्नेडो आणि वादळांचा अभ्यास करणारी ‘टोरो’ ही संस्था उभी केली. २००२ पासून ‘एस्टोफेक्स’ नावाचा स्वयंसेवी गट युरोपसाठी वादळांचे अंदाज काढतो आहे. पगार कुणालाच नाही.

(दृश्य : भूमध्य समुद्र. किनाऱ्यामागे लगेच उभे राहिलेले डोंगर.)

दक्षिणेकडे, भूमध्य समुद्रावर, गोष्टीचा रंग बदलतो. तिथे पाणी जास्त उबदार, हवेत बाष्प जास्त, आणि किनाऱ्याला चिकटून डोंगर. समुद्रावरचा दमट वारा त्यांना धडकतो आणि एकाच जागी नवा नवा ढग तयार होत राहतो. जुना पुढे सरकतो, त्याच्या जागी दुसरा. उपग्रहाच्या चित्रात या ढगाचा आकार इंग्रजी व्हीसारखा दिसतो, टोक समुद्राकडे. ४ ऑक्टोबर २०२१ ला इटलीच्या लिगुरिया प्रांतात रोसिल्योने इथे १२ तासांत ७४० मिलिमीटर पाऊस पडला. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या तुरीस इथे एका तासात १८४.६ मिलिमीटर. उंचावरच्या वाऱ्यांच्या मुख्य प्रवाहापासून तुटलेला थंड हवेचा भोवरा वर अडकून पडला होता, खाली उबदार समुद्र होता. कृती तीच, जी उत्तरेत एखादी देखणी रात्र देऊन जाते. त्या पुरात सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. पाऊस डोंगराकडे पडला, आणि जिथे फारसा थेंबही नव्हता अशा खालच्या गावांत पाणी घुसलं. अशा दिवशी जाणते निरीक्षक कॅमेरा घेऊन ओढ्यानाल्यांच्या दिशेने जात नाहीत. ते घरी थांबतात आणि पर्जन्यमापक वाचून आकडा कळवतात.

विजेचंही तसंच. मोकळ्या वाळूवर उभा असलेला माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच टोकदार पदार्थ असतो, आणि हातात धातूची तिपाई. झळक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आलं. तेव्हा पक्क्या छपराची, काचा बंद केलेली गाडी गाठायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वीज ढगापासून पंधरा किलोमीटर लांब, निरभ्र आभाळाखालीही पडू शकते.

(दृश्य : जगाचा नकाशा. खंडांवर दाट ठिपके, महासागर जवळजवळ कोरे.)

नोव्हेंबरात पाणी निवतं आणि हंगाम संपतो, असं वाटावं. एरवीही समुद्र हा विजेच्या बाबतीत कंजूषच. उपग्रहांच्या मोजणीनुसार जमिनीवर समुद्राच्या सुमारे दहापट विजा पडतात. पण २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे रॉबर्ट होल्झवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ मधल्या विजांच्या जागतिक नोंदी चाळल्या आणि सरासरीच्या हजारपट रेडिओऊर्जा फेकणाऱ्या विजा तेवढ्या वेगळ्या काढल्या. त्या नेहमीच्या विजांच्या नकाशावर बसल्याच नाहीत. सर्वांत जास्त सापडल्या त्या ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रावर, आणि महिने होते नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना हिवाळी विजांची ओळख फार पूर्वीपासून आहे. सायबेरियाचा वारा तिथे उबदार प्रवाहावरून येतो, ढग इतके खाली असतात की वीज पुष्कळदा पवनचक्क्यांच्या टोकांवरून उलटी, वर जाते. ६ फेब्रुवारी २०१७ ला तिथल्याच निइगाता प्रांतात एका विजेने हवेतल्या नायट्रोजनमध्ये चक्क अणुकेंद्रीय प्रक्रिया घडवल्याचा पुरावा किनाऱ्यावरच्या संवेदकांना मिळाला.

उत्तर समुद्राच्या बंधाऱ्यावर उभी असलेली मंडळी हे सगळं वाचून असतात. त्यामुळे ऑक्टोबर सरला तरी काहींची तिपाई गाडीतच सज्ज असते. पुढच्या आठवड्यात उत्तरेची हवा उतरणार आहे. पाणी १२ अंश, वरची हवा उणे २ होईल असा अंदाज आहे. फरक १४.