ज्वारीची भाकरी चिरते कुठे आणि बिघडते कुठे

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत ज्या एका पदार्थाबद्दल मला सर्वाधिक प्रश्न आले, तो पदार्थ म्हणजे रोजची, साधी, ज्वारीची भाकरी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरांतल्या अनेक घरांत ज्वारी नव्याने येऊ लागली. पीठ घरात आले, परंतु ते हाताळण्याची सवय मधल्या काळात सुटलेली होती, आणि म्हणून हे प्रश्न येतात. भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर फुगत नाही, आणि तासाभरात पुठ्ठ्यासारखी कडक होते, अशा तीन तक्रारी तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता. माझ्या अनुभवात या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे मळण्यात. आज मी थापण्यावर थोडे आणि मळण्यावर पुष्कळ बोलणार आहे.

साहित्य सांगून टाकते. तीन मध्यम भाकरींसाठी २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, साधारण १८० मिलीलीटर उकळते पाणी, मळताना लावायला वाटीभर साधे पाणी आणि थापताना खाली पसरायला थोडे कोरडे पीठ. मीठ घालायचे की नाही, हे तुमच्या घरच्या पद्धतीवर सोडते. आमच्याकडे घालत नाहीत. परात पसरट घ्यावी आणि तवा लोखंडी, जाड बुडाचा असावा. इतकीच तयारी पुरते.

आता पाण्याकडे येऊ. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक भिजवून ठेवली तरी ती आपोआप जुळून येते आणि ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. मग ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवणार कोण? ते काम पिठातला स्टार्च करतो, आणि तो साधारण ७० अंशांच्या आसपास तापल्यावर पाणी शोषून फुगतो व खळीसारखा चिकट होतो. कोमट पाण्याने हे घडत नाही. बोट बुडवून सहन होईल इतके गरम पाणी वापरून ‘गरम पाणी घातले तरी चिरते’ असे लिहिणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की पाण्याला खळखळून आधण येऊ द्या. परातीतल्या पिठात मध्यभागी खळगा करा, त्यात ते पाणी ओता, उलथन्याने किंवा चमच्याने कालवा आणि वर ताट झाकून पाच मिनिटे थांबा. अर्धे पीठ ओलसर आणि अर्धे भुरभुरीत दिसले तरी घाबरून आणखी पाणी ओतू नका.

मागच्या चित्रफितीखाली सोलापूरकडच्या एका ज्येष्ठ प्रेक्षकांनी लिहिले होते की त्यांच्या घरी साध्या पाण्यातच भाकरी होते आणि गरम पाण्याचे हे खूळ शहरातले आहे. त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग अगदी खरा आहे. माझे माहेर बार्शीकडचे आहे आणि माझी आजीसुद्धा साध्या पाण्यातच पीठ मळत असे. परंतु तिच्या घरात शाळूची ज्वारी कणगीतून काढून आठवड्यापुरतीच दळली जात असे, आणि ताज्या पिठाला जी चिकटी असते, जिला आमच्याकडे विरी म्हणतात, ती तिच्या पिठात भरपूर असे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी, जिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, किंवा कुठलीही चांगली मालदांडी ज्वारी दळून दोन दिवसांच्या आत वापरली, तर साधे पाणी पुरते. तुमच्या आमच्या स्वयंपाकघरातले पीठ मात्र अनेकदा महिन्यापूर्वी दळलेले असते. ज्वारीचा दाणा कोंब आणि कोंड्यासकट दळला जातो, कोंबातले तेल पिठात मोकळे होते आणि हवा लागून काही आठवड्यांत खवट होऊ लागते. पीठ कडवट लागते आणि त्याची विरी जाते. अशा पिठाला उकळत्या पाण्याचा आधार लागतोच. गरम पाणी हे जुन्या पिठावरचे औषध आहे, त्यात शहरी खूळ काही नाही.

हे मी स्वतः अडखळून शिकले. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी घरी मंडळी जेवायला यायची होती, आणि जवळच्या दुकानातून आणलेल्या बंद पिशवीतल्या पिठाचा गोळा परातीवर टेकताच तीन ठिकाणी फाटला. दुसरा फाटला, तिसराही फाटला. लहानपणापासून भाकरी करत असूनही माझा हातच बिघडला, असे मला वाटले. आईला फोन केला, तेव्हा तिने हाताबद्दल एक शब्दही विचारला नाही. ‘पीठ कधी दळलंय?’ एवढाच तिचा प्रश्न होता. पिशवीवरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. तिने आधण ठेवायला सांगितले आणि पुढे म्हणाली, ‘आता दुप्पट वेळ मळ.’ त्या दिवशी भाकरी झाल्या, थोड्या जाड झाल्या, पण अखंड झाल्या.

आणि हेच ते दुप्पट मळणे, ज्यासाठी मी आज बोलायला बसले आहे.

ही परात पाहा. झाकण काढल्यावर हाताला सोसवेल इतके निवलेले हे पीठ आता रवाळ दिसते आहे, मुठीत दाबले तर गोळा होतो आणि सोडले तर भेगा पडतात. यातला निम्मा भाग मी बाजूला झाकून ठेवते आणि उरलेल्यावर तळहाताची टाच टेकवून ते परातीला घासत पुढे ढकलते. लक्षात घ्या, मी दाबत नाही, घासते आहे. पीठ परातीवर पातळ पसरते, मी ते बोटांनी गोळा करून मागे आणते, बोटांची टोके पाण्यात बुडवून वर फिरवते आणि पुन्हा टाचेने पुढे घासते. सुरुवातीला पीठ हाताला आणि परातीला चिकटेल, मग कडा भुरभुरतील, आणि तीन ते चार मिनिटांनी असा एक क्षण येईल की गोळा परात सोडू लागेल, त्याचा पृष्ठभाग तुकतुकीत दिसेल आणि परात जवळजवळ स्वच्छ होईल. आजी मिनिटे मोजत नसे; ‘परात सोडेपर्यंत’ एवढेच तिचे माप होते आणि त्याहून चांगले माप मला अजून सापडलेले नाही.

तुमच्यापैकी अनेक जण मला स्वतःच्या भाकरीची चित्रफीत पाठवतात. त्यांतल्या बहुतेकांमध्ये थापण्याचे चित्रण दोन मिनिटांचे असते आणि मळण्याचे वीस सेकंदांचे. गोळा झाला की मळून झाले, असे गृहीत धरलेले दिसते. कणकेच्या बाबतीत ते चालते, कारण तिथे उरलेले काम ग्लुटेन करते. ज्वारीचा गोळा हाताखालून निघताना जितका एकजीव असेल तितकाच तो राहणार, नुसता ठेवून तो सुधारत नाही. म्हणून थापताना कड चिरली, की चिरलेल्या जागी पाण्याचे बोट लावून सांधत बसू नका. तो गोळा मोडा, चार थेंब पाणी घ्या आणि पुन्हा मळा. कड चिरते ती थापताना दिसते इतकेच, ती बिघडलेली असते मळताना.

माझा दुसरा आग्रह असा की सगळे पीठ एकदम मळून गोळे करून ओळीने मांडून ठेवू नये. पोळ्यांच्या सवयीमुळे हे घडते, हे मला समजते, सकाळी डब्याची घाई असते हेही समजते. परंतु शिजलेला स्टार्च निवत जातो तसा घट्ट होतो आणि गोळ्याच्या वरची ओल उडते. चौथ्या भाकरीपर्यंत तो गोळा सकाळच्या गोळ्यासारखा राहत नाही, आणि मग ‘पहिल्या दोन चांगल्या होतात, नंतरच्या बिघडतात’ अशी तक्रार येते. एक भाकरी तव्यावर असताना पुढच्या भाकरीपुरते पीठ घेऊन मिनिटभर पुन्हा मळायचे, हा जुना क्रम आहे, आणि त्यात वेळ वाया जात नाही, कारण तव्यावरच्या भाकरीला तेवढा वेळ लागतोच.

तिसरी बाजू चवीची आहे. नीट मळलेली भाकरी जास्त पाणी धरून ठेवते आणि म्हणून ती मऊ राहते. कमी मळलेले पीठ जेमतेम थापता यावे म्हणून ते कोरडे ठेवले जाते, वरून कोरडे पीठही जास्त लावले जाते, आणि अशी भाकरी उतरवल्यावर तासाभरात वाळते. सोलापूरची कडक भाकरी मुद्दाम पातळ करून वाळवलेली असते, ती अनेक दिवस टिकते आणि ती गोष्ट वेगळी; रोजच्या जेवणातली भाकरी मात्र संध्याकाळपर्यंत बोटांनी सहज मोडता आली पाहिजे.

थापणे आता थोडक्यात दाखवते. गोळ्याच्या कडा दोन्ही तळव्यांत फिरवून गुळगुळीत करा, परातीत पीठ भुरभुरा, गोळा ठेवून एका हाताने थापा आणि दुसऱ्या हाताने कडेला आधार द्या. हात पिठावर हलका आपटला की भाकरी आपोआप गोल फिरते. ती फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. मध्यभाग पातळ आणि कडा जाड राहू देऊ नका. लाटण्याने लाटली तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. चालेल. उकड नीट मळलेली असेल तर लाटलेली भाकरीही चांगली होते, आणि ज्यांच्या मनगटात किंवा सांध्यांत दुखणे आहे त्यांनी निःसंकोच लाटावी. गव्हाचे पीठ मिसळण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे अशा माणसासाठी ती भाकरी केली जात असेल, तर एक चमचा कणीकही त्यांना त्रासदायक ठरू शकते, म्हणून ‘थोडी घातली तर कळत नाही’ असा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. थापताना भाकरीखाली परातीत वापरायचे कोरडे पीठही ज्वारीचेच असावे.

तव्यावर एकच गोष्ट नाजूक आहे. परातीला टेकलेली, पीठ लागलेली बाजू वर येईल अशी भाकरी तापलेल्या तव्यावर टाका आणि लगेच ओल्या हाताने त्या बाजूवर सगळीकडे, अगदी कडेपर्यंत पाणी फिरवा. कोरडे पीठ धुतले जाते आणि वरच्या ओल्या थरातला स्टार्च शिजून त्याचा अखंड पापुद्रा तयार होतो. वाफ कोंडून भाकरी फुगते ती याच पापुद्र्यामुळे. पाणी पूर्ण सुकण्याआधी, पण चकाकी गेल्यावर ती उलटा. चकाकी असतानाच उलटली तर ती तव्याला चिकटते, आणि सुकू दिली तर तिथे बारीक भेगा पडून वाफ निसटते. उलटलेली बाजू मध्यम मोठ्या आचेवर तांबूस ठिपके येईपर्यंत भाजा, मग पहिली बाजू थेट आचेवर धरा किंवा तव्यावरच कापडाने कडा दाबत फिरवा. आजी ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करत असे आणि बोलता बोलता तिला वळवत असे. गॅसवर ते करता येत नाही, तरी कडा भाजण्याचा नेम तोच ठेवावा.

परदेशांत राहणाऱ्या काही प्रेक्षकांनी विचारले आहे की तिथल्या दुकानांतले ज्वारीचे पीठ चालेल का. चालेल, पण ते पुष्कळदा पांढरेशुभ्र आणि कोंडा काढलेले असते आणि दळून बराच काळ लोटलेला असतो. त्या पिठाला दर २०० ग्रॅममागे चार चमचे पाणी जास्त लागते असा माझ्या बहिणीचा अनुभव आहे, आणि ती ते पीठ फ्रीजमध्ये ठेवते, जेणेकरून तेल लवकर खवट होऊ नये. त्या पिठाच्या भाकरीला मातीचा तो वास येत नाही, हे तिला आजही जाणवते, परंतु भाकरी अखंड होते आणि फुगते.

ही भाकरी आता तव्यावरून काढते. ताटात सपाट ठेवली तर खालची बाजू वाफेने ओली होते, म्हणून ती टोपलीच्या कडेला मिनिटभर उभी ठेवा, वाफ निघून गेली की सुती कापडात गुंडाळा, आणि पुढचा गोळा मळायला घ्या.