ब्रिक्स, पोल आणि बी.एस्सी.

(दृश्य: जानेवारीतली रात्र. सांगली जिल्ह्यातला एक साखर कारखाना. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडताहेत. कॅमेरा आत, प्रयोगशाळेत.)

मिश्र रसाचा नमुना आलाय. उंच नळकांड्यात तो काठोकाठ भरून थोडा वेळ तसाच ठेवतात. रसात अडकलेली हवा आधी वर निघून जावी लागते, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला, म्हणजे रसात तरंगून घनता दाखवणाऱ्या नळीला, चिकटले की तो वर उचलला जातो आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घनपदार्थांचं टक्क्यांतलं प्रमाण, जास्त दिसतो. मग वाचन घ्यायचं आणि त्याच वेळी रसाचं तापमानही टिपायचं. कोमट रसाची घनता कमी असते, हायड्रोमीटर खोल बुडतो आणि ब्रिक्स कमी दिसतो. तेवढी दुरुस्ती तक्ता बघून करतात.

आता पोल, म्हणजे रसातल्या साखरेचा पोलॅरिमीटरने काढलेला अंदाज. रसात शिशाच्या क्षाराची चिमूट टाकायची, ढवळायचं, गाळायचं. निवळ रस 200 मिलिमीटरच्या नळीत भरून पोलॅरिमीटरमध्ये ठेवायचा. नळीत बुडबुडा राहिला की पुन्हा भरायची. समजा ब्रिक्स 18 आला आणि पोल 15.3. पोलला ब्रिक्सने भागून शंभरने गुणलं की शुद्धता निघते: 85 टक्के.

दहावी झालेल्या चुणचुणीत पोराला हे सगळं आठवड्यात शिकवता येतं. मग या टेबलापाशी बी.एस्सी. झालेला माणूस कशाला लागतो?

शिळ्या उसासाठी. तोडलेला ऊस चार दिवस उन्हात पडून राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. पोलॅरिमीटर साखर मोजत नाही. रसातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती फिरलं, तेवढंच तो मोजतो. डेक्स्ट्रान ते साखरेच्याच दिशेने फिरवतं, तेही जवळपास तिप्पट. म्हणजे ऊस खराब आणि पोल मात्र फुगलेला. तिकडे रस आटवून साखरेचा दाणा धरायच्या पॅनवर रस चिकट होतो, दाणा लांबट पडतो, आणि इकडे वहीत सगळं छान. फक्त वाचन शिकलेला मुलगा आकड्यावर हात ठेवून शपथ घेईल. यंत्र नेमकं काय मोजतं हे कॉलेजात समजून घेतलेला मुलगा आधी ऊस कधी तोडला ते विचारेल.

कॉलेजनं व्यापक शिक्षण द्यावं की नोकरीचं प्रशिक्षण, हा वाद बहुतेक वेळा या टेबलापासून फार लांब बसून घातला जातो.

(दृश्य: सातारा. अजिंक्यताऱ्याखालचं शहर, सकाळ.)

या वादात साताऱ्याचं नाव हटकून निघतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ ही योजना इथलीच. आज कौशल्य अभ्यासक्रमांच्या उद्घाटनात तिचा दाखला देतात आणि तिथंच गल्लत होते. शेतात राबणारा विद्यार्थी शेतमजुरीचं प्रशिक्षण घेत नव्हता. तो आपल्या जेवणाचा आणि शिक्षणाचा खर्च अंगमेहनतीने फेडत होता, श्रमाची लाज टाकायला शिकत होता, आणि वर्गात इतरांसारखाच इतिहास, भाषा, अर्थशास्त्र शिकत होता. गरिबाच्या पोराला पूर्ण शिक्षण मिळावं म्हणून ते काम होतं. ‘तुला नोकरीपुरतं शिक्षण बास’ असं सांगण्यासाठी त्या योजनेचं नाव घेणं म्हणजे ती उलटी वाचणं.

(दृश्य: कॉलेजच्या फलकावर लावलेलं वेळापत्रक.)

आता नव्या धोरणाकडे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची मांडणी क्रेडिटवर आली. एका सत्राला साधारण 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 132. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, मूल्यशिक्षण, आणि त्यांच्या जोडीला कौशल्याचे व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), शिवाय ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. कागदावर मांडणी वाईट नाही. घोळ तासांत होतो.

एका क्रेडिटला व्याख्यानाचे 15 तास लागतात, प्रात्यक्षिकाचे 30. दोन क्रेडिटचा कौशल्य विषय प्रात्यक्षिक म्हणून घ्यायचा तर 60 तास हवेत, 20 मुलांची एक तुकडी हवी आणि तेवढ्यांना पुरतील एवढी साधनं हवीत. वर्गात 80 मुलं असतील तर चार तुकड्या, म्हणजे शिक्षकाचे 240 तास. ते नसतात. मग तोच विषय फळ्यावर 30 तासांत उरकतो आणि परीक्षेत ‘माती परीक्षणाचे फायदे लिहा’ असा प्रश्न येतो. मुलानं मातीचा नमुना एकदाही काढलेला नसतो. असं कौशल्य ना शिक्षण, ना प्रशिक्षण. त्यापेक्षा त्या तासांत एखादा ग्रंथ नीट वाचून घेतला असता तर बरं.

ओजेटी चार क्रेडिटचं धरलं तर 120 तास, रोज सहा तासांप्रमाणे 20 दिवस. इथं फसवणूक सोपी आहे. मामाच्या दुकानाचा शिक्का, चुलत्याच्या संस्थेचं प्रमाणपत्र, फोटोत एक दिवस. कॉलेजला फाइल पूर्ण हवी असते, मालकाला पोरांची कटकट नको असते. दुसरी चूक तारखांची. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मुलांना साखर कारखान्यात पाठवलं, तर तिथं गाळप बंद आणि रंगकाम चालू. आपल्याकडे गाळपाचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास आटोपतो. रसायनशास्त्राची मुलं जानेवारीतच जायला हवीत, मग त्यासाठी व्याख्यानं पुढंमागं करावी लागली तरी चालतील.

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौदा चालू.)

वाणिज्य शाखेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि व्हॅटचे फॉर्म पाठ केलेल्यांचं पाठांतर एका रात्रीत वाया गेलं. नावे काय, जमा काय, हा कर कुणाचा आणि आपण फक्त गोळा करतोय कुणासाठी, हे ज्यांना कळत होतं, त्यांनी नवी पद्धत थोड्याच दिवसांत उचलली. सॉफ्टवेअरची बटणं शिकवायला संस्थाचालकांना आवडतं, कारण जाहिरातीत ते दिसतं. ती शिकवावीत, आमची हरकत नाही, पण आधी रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहून.

कला शाखेला तर ‘यातून नोकरी काय?’ हा टोमणा रोजचाच. मोडीचं बघा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली आणि ती शिकणाऱ्याला लोक छांदिष्ट म्हणू लागले. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तो पुढे राज्यभर गेला आणि सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारे शोधावे लागले. अक्षरं काही आठवड्यांत येतात. अडतं ते पुढं: शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, फारसी शब्द पावलोपावली येतात, सन फसली असतो नाहीतर शुहूर, म्हणजे जुन्या कालगणनेतला. इतिहास आणि जुनी मराठी ठाऊक नसलेला माणूस अक्षर लावतो, अर्थ लावू शकत नाही.

बी.व्होक. ही तर उघडउघड कामधंद्यासाठी काढलेली पदवी. तिच्या आराखड्यातसुद्धा 60 टक्के कौशल्य आणि 40 टक्के सामान्य शिक्षण ठेवलंय. ते 40 टक्के ‘सोपे विषय’ म्हणून उरकले जातात, ही त्या अभ्यासक्रमाची सगळ्यात मोठी गळती.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. टेबलावर उघडी डायरी.)

ओजेटी खरं करायचं तर खर्च फार नाही. कामाच्या जागी एक जबाबदार माणूस नेमायचा, कॉलेजच्या शिक्षकाने 20 दिवसांत न कळवता दोन फेऱ्या मारायच्या आणि मुलाने रोज डायरी लिहायची. तिला चार रकाने: काय काम केलं, कोणता आकडा आला, काय चुकलं, काय समजलं नाही. गुण शेवटच्या रकान्यालाही द्यायचे, नाहीतर तो कोरा येतो. आणि त्यातला प्रश्न कॉलेजात परत आल्यावर वर्गात घ्यायचा.

अशा डायरीच्या चौथ्या रकान्यात बाराव्या दिवशी एवढंच लिहिलेलं असू शकतं: ‘आज पोल वाढला, शुद्धताही वाढली. तरी पॅनवाले काका म्हणतात, दाणा धरत नाही.’