पावती म्हणजे लायसन नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

गेली 22 वर्षं मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. क्लच कसा सोडायचा, घाटात गाडी मागे न जाऊ देता कशी उचलायची, हे शिकवण्यात माझा दिवस जातो. पण आज त्याबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते पोलिसांनी पावती फाडल्यावर पुढे काय होतं त्याबद्दल. कारण पैसे भरले की विषय संपला, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊला दाराची बेल वाजली. बाहेर माझा एक जुना विद्यार्थी उभा. आरटीओच्या मैदानावर परीक्षेच्या आदल्या दिवशी याच्याकडून मी तासभर आठचा आकडा गिरवून घेतला होता. आता तो घरोघरी पार्सलं पोचवायचा. हातात घडी घातलेला कागद. म्हणाला, "ताई, चौकात धरलं. मागे दोघं मित्र होते आणि हेल्मेट आरशाला अडकवलं होतं. दंड भरला. लायसन त्यांनी ठेवून घेतलं आणि ही पावती दिली. पावती आहे म्हणजे उद्या कामावर जायला हरकत नाही ना?"

मी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं, उद्या गाडी काढायची नाही.

श्रोतेहो, त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याला वाटत होतं, मी पोलिसांपेक्षा कडक वागते आहे. पण त्या कागदाबद्दल कायदा अगदी स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर कलम 206 म्हणतं की काही ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी चालकाचं लायसन ताब्यात घ्यायचं, ते आरटीओकडे पाठवायचं आणि चालकाला पोच द्यायची. आणि लगेच पुढे म्हणतं की लायसन परत मिळेपर्यंत या पोचेवर गाडी चालवता येणार नाही. तो कागद म्हणजे तुमचं लायसन आमच्याकडे आहे, एवढं सांगणारी चिठ्ठी. दुसरं काही नाही.

आता हे ठरावीक गुन्हे कोणते? वेगमर्यादा ओलांडणं. धोकादायक गाडी चालवणं. दारू पिऊन चालवणं. रस्त्यावर शर्यत लावणं. ब्रेक, दिवे बिघडलेली, असुरक्षित गाडी रस्त्यावर आणणं. दुचाकीवर ट्रिपल सीट. हेल्मेट न घालणं. आणि ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणं. यातला "धोकादायक" हा शब्द नीट ऐका. लाल सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं, हातात मोबाइल धरून चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. दूध आणायला राँग साइडने दोनशे मीटर जाणारा माणूस स्वतःला धोकादायक चालक समजत नाही. कायदा त्याला तसं समजतो, आणि ज्यांनी अशा दोनशे मीटरमध्ये समोरून आलेली शाळकरी मुलगी पडताना पाहिली आहे, तेही समजतात. मी पाहिली आहे.

म्हणजे चलनाच्या दोन जाती आहेत. नो पार्किंगचं चलन गाडीच्या खात्यावर बसतं, पैसे भरले की उतरतं. दुसऱ्या जातीचं चलन माणसाच्या नावावर जातं. आपल्या राज्यात हेल्मेट नसल्याची तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरून मिटवायचा दंड, 500 रुपये आहे. त्या पोराने 500 रुपयांचाच विचार केला होता. त्याच कलमात दंडाच्या शेजारी तीन महिन्यांची अपात्रता लिहिलेली आहे, हे त्याच्या गावी नव्हतं. हे काही परवाचं नवीन नाही. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ऑगस्ट 2015 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, मोबाइल, मालगाडीत माणसं भरणं, जास्त माल लादणं, यांत किमान तीन महिने लायसन निलंबित करा.

लायसन आरटीओकडे गेल्यावर काय होतं, ते सविस्तर सांगते, कारण इथेच माणसं सगळ्यात जास्त चुकतात.

आरटीओ तुम्हाला नोटीस पाठवतं. म्हणणं मांडायला बोलावतं. ही नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर येते. आता बघा, आपल्यातल्या किती जणांच्या लायसनवर अजून गावचा पत्ता आहे, किंवा तीन भाड्याच्या खोल्यांपूर्वीचा? नोटीस तिकडे जाते, कुलूप बघून परत येते, आणि इथे माणसाला वाटतं की काही झालंच नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचंही तेच होणार होतं. त्याचा पत्ता मामाच्या घरचा. आम्ही मामांना फोन करून सांगून ठेवलं की टपाल आलं तर परत पाठवू नका, म्हणून ती नोटीस हाती लागली.

सुनावणीला जायचं. घाबरून घरी बसायचं नाही. कलम 19 प्रमाणे अधिकाऱ्याला दोन्ही अधिकार आहेत. तुमचं ऐकून तो तुम्हाला मोकळं करू शकतो, किंवा कारणं लिहून लायसन बंद ठेवू शकतो. पहिल्यांदा असेल तर तीन महिने. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर असेल तर लायसन रद्द, आणि रद्द झालेल्याचं नाव जाहीर करण्याचीही तरतूद आहे. आदेश चुकीचा वाटला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आणि आणखी एक. लायसन बंद ठेवण्याची मुदत संपली की ते आपोआप हातात पडत नाही. उजळणीचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं, मगच मिळतं. एक शिक्षिका म्हणून सांगते, 2019 च्या दुरुस्तीतली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. नुसतं घरी बसवलेला माणूस तीन महिन्यांनी तसाच परत येतो. त्याला पुन्हा आरशात बघायला शिकवावं लागतं.

या तीन महिन्यांत गाडी चालवली तर? कलम 182. 10,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही झाली सरकारची शिक्षा. त्याहून मोठी भीती अपघाताची. चालकाकडे वैध लायसन नसताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी नाकारते. समोरच्या जखमी माणसाला कोर्टाच्या आदेशाने भरपाई दिली, तरी ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. त्यात शेत विकलं जाऊ शकतं, श्रोतेहो.

मग गल्लीतला कुणीतरी सल्ला देतो, "एजंट आहे ओळखीचा, दुसऱ्या जिल्ह्यातून नवं लायसन काढून देतो." त्या वाटेला जाऊ नका. देशातल्या बहुतेक राज्यांतली लायसनं आता सारथी नावाच्या एकाच संगणकीय नोंदणीत आहेत. अपात्र असताना नवीन लायसनसाठी अर्ज करणं, किंवा जुन्या नोंदी लपवून लायसन घेणं, हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि लायसनवर गुन्ह्याची जी नोंद होते, तो शेरा नवीन लायसनवरही जसाच्या तसा उतरवला जातो. कार्ड हरवलं म्हणून दुय्यम प्रत काढली तरी शेरा तुमच्या मागून येतो.

लोक अदालतीबद्दलही लोक मला विचारतात. "थांबा मॅडम, लोक अदालत लागू दे, अर्ध्यात मिटेल." दंडाची रक्कम तिथे तडजोडीने मिटते, खरं आहे. पण आरटीओकडे गेलेल्या लायसनचं प्रकरण वेगळं, ते तिथल्या समझोत्याने सुटत नाही. आणि दारू पिऊन चालवण्याचा गुन्हा चौकात पैसे भरून मिटतच नाही, तो कोर्टात जातो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं की झालं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

कॅमेऱ्याचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता डोक्यावर कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चलन मालकाच्या नावावर निघतं. गाडी भाच्याने नेली असली तरी मेसेज मामाला येतो. अशा वेळी कलम 133 प्रमाणे गाडी कोण चालवत होतं, हे विचारल्यावर सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. आपल्याकडे गाडी मागितली की नाही म्हणणं जड जातं. नाही म्हणू नका हवं तर, पण किल्ली देताना त्याचं लायसन चालू आहे का, एवढं बघा. आणि गाडीच्या नोंदणीतला मोबाइल नंबर आपला, चालू असलेला आहे ना, तेही तपासा. जुन्या नंबरावर वर्षानुवर्षं चलनं साठत जातात आणि गाडी विकायची वेळ आली की एकदम समोर येतात. चलन आहे की नाही, ते महाट्रॅफिक ॲपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊन बघायचं. चलनाचा फोटो चुकीचा असेल, दुसऱ्याच गाडीचा असेल, तर तक्रारही तिथे करता येते. व्हॉट्सॲपवर कुणी चलन म्हणून एखादी फाइल पाठवली, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती उघडू नका. बँकेतले पैसे जातात.

आता पालकांशी बोलते. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घेऊन येतं. "जरा हात बसवून द्या, क्लासला स्कूटर नेईल म्हणतोय." मी परत पाठवते. कलम 199 अ वाचून दाखवते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही, लर्निंगसुद्धा नाही. पंचविशीपर्यंत! त्याची पहिली नोकरी, पहिली बदली, सगळं त्याच्या आत येतं. कौतुकाने किल्ली देणारे बाबा हा हिशोब करत नाहीत.

आणि ज्यांचं पोटच लायसनवर आहे त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रिक्षावाले, टॅक्सीवाले, ट्रकचालक, ही पार्सलवाली पोरं. कायद्याचे तीन महिने सगळ्यांना सारखे. ऑफिसला कारने जाणारा माणूस तीन महिने लोकलने जाईल. रिक्षावाल्याचा तीन महिन्यांचा हप्ता थकेल. शिवाय त्याच्यासाठी नियम जास्त आहेत. प्रवाशाशी गैरवर्तन, गाडी चालवताना विडी-सिगारेट, यांवरूनही त्याच्या लायसनवर कारवाई होऊ शकते. नियम सैल करा, असं मी म्हणत नाही. मैदानावर मी कुणाला सैल सोडलेलं नाही. पण पार्सल इतक्या मिनिटांत पोचलं पाहिजे असं जे ठरवतात, त्या मिनिटांसाठी पोरांना सिग्नल तोडावा लागतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांचं नाव कुठल्याच चलनावर येत नाही. हे बरोबर नाही. आणि दारात उशिरा आलेल्या पोराला रागावणारे आपण, आपलंही नाही येत.

माझ्या त्या विद्यार्थ्याची सुनावणी झाली. मी सोबत गेले होते, बाहेरच्या बाकावर बसले. त्याने काही लपवलं नाही. मित्रांना बसवलं होतं, हेल्मेट घातलं नव्हतं, चुकलं, असं म्हणाला. तरी तीन महिने लागलेच. ते तीन महिने तो गोदामात पार्सलं बांधायच्या कामावर होता, कमी पगारात. येता-जाता बस. प्रशिक्षण पुरं केलं, लायसन परत आलं.

परत आल्यावर त्याने मला विचारलं, "ताई, हा डाग जन्मभर राहणार का?" नाही राहत. कलम 25 मध्ये त्याची सोय आहे. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा नसेल, तर शेऱ्याशिवायचं कोरं लायसन मिळण्याचा हक्क असतो. फक्त वेगाचा शेरा असेल तर एका वर्षात. लायसन बंद असलेला काळ मात्र त्यात धरत नाहीत, म्हणून त्याचे तीन महिने वेगळे मोजायला लागले. आम्ही दोघांनी माझ्या टेबलावर बसून ती तारीख काढली. क्लासच्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं, त्यावर दर वर्षी मी ती नव्याने उतरवून घेते. यंदाच्या कॅलेंडरवर मार्चच्या पानावर एका तारखेभोवती लाल गोल आहे. त्या दिवशी तो पेढे घेऊन येणार आहे, असं त्यानेच सांगून ठेवलंय.

नमस्कार.