छप्पर सरकलं त्या रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

टेनिसपटू सानिया मिर्झा निवृत्त झाली हे तुम्ही एव्हाना वाचलंय, पाहिलंय. 2023 साली, 21 फेब्रुवारीला, दुबईत ती शेवटचा स्पर्धेतला सामना खेळली. अमेरिकेची मॅडिसन कीज तिची जोडीदार होती. समोर कुदेरमेतोवा आणि सॅमसोनोवा. पहिला सेट 4-6, दुसरा 0-6. पहिल्याच फेरीत खेळ आटोपला. मग 5 मार्चला, हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर निरोपाचे सामने झाले आणि 20 वर्षांची कारकीर्द संपली.

पण माझ्या मते तिचा खरा निरोप जानेवारीतच झाला होता, मेलबर्नला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. तिच्याबरोबर रोहन बोपण्णा. हरले दोघं. सानियाने माईक हातात घेतला आणि तिला बोलताच येईना. डोळे पुसून तिने सांगितलं, की 14 वर्षांची असताना मिश्र दुहेरीतला माझा पहिला जोडीदार हा रोहनच होता. आणि हेही, की माझी व्यावसायिक वाटचाल सुरू झाली ती याच मेलबर्नला, 2005 साली. तेव्हा ती 18 वर्षांची होती, तिसऱ्या फेरीत समोर सेरेना विल्यम्स उभी होती.

आता आकडे एकदाच सांगतो, कारण आकड्यांची यादी रेडिओवर ऐकणं म्हणजे शिक्षा असते. 6 ग्रँड स्लॅम विजेतेपदं, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांमधली. 3 महिला दुहेरीत, 3 मिश्र दुहेरीत. एकेरीत तिचा सगळ्यात वरचा क्रमांक 27. दुहेरीत 1. दुहेरीत ती एकूण 91 आठवडे जगात पहिली होती. एकेरीत 27, दुहेरीत 1, एवढं ध्यानात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

आणि आता मला माझ्या आत्याची गोष्ट सांगायची आहे.

11 जुलै 2015, शनिवार. विम्बल्डनच्या महिला दुहेरीचा अंतिम सामना. सानिया आणि मार्टिना हिंगिस एका बाजूला, एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्नीना दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी सेंटर कोर्टवर आधी सेरेनाचा एकेरीचा अंतिम सामना झाला, मग पुरुष दुहेरीचा, आणि सगळ्यात शेवटी यांचा नंबर लागला. दुहेरीचा नंबर नेहमी शेवटीच लागतो. पंगतीत घरच्या सुनांचा लागायचा तसा.

तर घरात सगळे झोपले होते. मी टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसलो होतो. सानियाने पहिला सेट घालवला, 5-7. दुसरा टायब्रेकवर, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेमवर, कसाबसा ओढून आणला. तिसऱ्यात मात्र घसरगुंडी लागली. 5-2. पाच त्यांचे, दोन आपले. आणखी एक गेम, की संपलं सगळं. 5-2 झाले तेव्हा मी रिमोट हातात घेतला होता, हे कबूल करतो.

तेवढ्यात आत्या पाणी प्यायला उठली. वय तेव्हा 76. टेनिस म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण अपरात्री दिवा दिसला की चौकशी केल्याशिवाय ती पुढे जात नसे.

"कोण हरतंय?" हा तिचा पहिला प्रश्न.

"आपली हरतेय."

"मग बंद कशाला करतोस? हरणाऱ्याला एकटं टाकून जाऊ नये," म्हणाली, आणि तांब्या घेऊन खुर्चीत बसलीच.

मी रिमोट खाली ठेवला. 5-3 झाले. मग 5-4. मग 5-5! आत्याला वाटलं, ती येऊन बसली म्हणून हे झालं. माझाही तोवर जवळजवळ तसाच समज होत आला होता.

आणि 5-5 वर खेळ थांबला.

तिकडे लंडनमध्ये उजेड कमी झाला होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पडद्यावर सेंटर कोर्टचं ते भलंमोठं पांढरं छप्पर हळूहळू सरकायला लागलं. आत्या पुढे वाकून पाहत होती.

"अरे, छप्पर कशाला घालतायत? पाऊस तर नाही."

म्हटलं, "अगं, पावसासाठी नाही. दिवे लावायचेत. तिथले दिवे छपरात बसवलेत. छप्पर बंद केल्याशिवाय दिव्यात खेळत नाहीत."

"म्हणजे दिवा लावायला घर बांधतायत," ती म्हणाली.

श्रोतेहो, ते छप्पर 2009 साली बसवलं. पूर्ण सरकायलाच दहाएक मिनिटं लागतात, मग आतली हवा खेळायला योग्य करावी लागते. तोवर थांबायचं. आणि थांबायचं म्हणजे आत्याच्या तावडीत सापडायचं.

"कुठली ही मुलगी?"

"हैदराबादची. जन्म मुंबईचा."

"मुंबईची का? बरं." या एका उत्तराने सानियाचे गुण वाढले. "आणि शिकली कुठे?"

आता मला तिला खूश करायचं होतं. म्हटलं, "आत्या, ही लहानपणी शेणाच्या कोर्टावर खेळलीय. तिनेच मुलाखतीत सांगितलंय."

तांब्या खाली आला. "शेणाच्या?"

"आपण अंगण सारवतो तसं कोर्ट. दक्षिणेकडे पूर्वी पुष्कळ होती तशी."

झालं! पुढची पाच मिनिटं माझ्या घरात विम्बल्डन नव्हतंच, सारवण होतं. शेण पातळ झालं तर पोपडे कसे निघतात, घट्ट झालं तर बोटांचे वळ कसे राहतात, उन्हाने जमीन तडकते म्हणून पाणी कसं शिंपडायचं. मग एकदम थांबून तिने विचारलं, "चेंडू उडतो का रे त्यावर नीट?" या प्रश्नाला मी आजही दाद देतो. टेनिसमधलं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. हिरवळीवर चेंडू सटकन खालून निघतो, लाल मातीवर थबकून वर येतो, सिमेंटवर सरळ येतो. जमीन बदलली की खेळ बदलतो. चेंडू कुठे कसा उडेल याचा नेम नसलेल्या जमिनीवर जो शिकतो, त्याची नजर आणि हात लवकर तयार होतात, असं मला आपलं वाटतं. सानियाचा फोरहँड आठवा. चेंडू वर चढायच्या आतच गाठून सपाट फटका. हल्ली मुलं चार वर्षांची होत नाहीत तोच त्यांना महागड्या सिंथेटिक कोर्टावर उभं करतात, आणि मग वडील बाहेर खुर्ची टाकून प्रत्येक फटक्याला मान हलवतात. पण ते असो. सानियाच्या वडिलांनीही तिला शिकवलंय, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

छप्पर अजून सरकतच होतं.

"पण ही एकटी का खेळत नाही? ती दुसरी बाई कोण?"

म्हटलं, "ती मार्टिना हिंगिस. सतरा वर्षांपूर्वी तिने हाच चषक जिंकला होता. आज 34 वर्षांची आहे. आणि सानिया आधी एकटीच खेळायची. जगात सत्ताविसावी होती. पण उजवं मनगट गेलं. 2008 साली शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये सामना अर्धा सोडावा लागला. केस विंचरायलाही हात चालत नव्हता, असं तिने सांगितलंय. मग गुडघे. शेवटी 2013 साली तिने एकेरी सोडली आणि दुहेरीच खेळायची ठरवली."

आत्या गप्प झाली. ती क्वचितच गप्प व्हायची. मग आपल्या उजव्या मनगटावरून हात फिरवत म्हणाली, "मनगट गेलं की पोळ्या लाटता येत नाहीत. मी भाकरीवर आले होते तेव्हा. थापायला जमायचं."

मी हसलो तेव्हा. नंतर किती वेळा आठवलं असेल ते वाक्य, सांगता येत नाही. कारण सानियाने नेमकं तेच केलं होतं. लाटणं जमेना, ती थापायला लागली. आणि अशी थापली, की 2015 च्या मार्चपासून ती आणि हिंगिस एकापाठोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या, इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन. आणि एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. त्या क्रमांकावर पोचलेली पहिली भारतीय महिला.

दिवे लागले. खेळ सुरू झाला. आत्या म्हणाली, "आता कितीला संपणार?" मी म्हटलं, दोन गेमने पुढे जाईपर्यंत. विम्बल्डनला तेव्हा शेवटच्या सेटमध्ये टायब्रेक नव्हता. तो नंतर आला, 2019 ला. "म्हणजे संपणारच नाही असंही होऊ शकतं?" म्हटलं, होऊ शकतं. "मग मी पाय वर घेते," म्हणून तिने खुर्चीत मांडी घातली.

आणि दोन गेममध्ये संपलं. 6-5, 7-5. 5-2 पासून सलग पाच गेम! हिंगिस जाळीजवळ, सानिया मागे, आणि मधून जायला वाटच नाही. विम्बल्डनमध्ये महिला दुहेरी जिंकणारी पहिली भारतीय महिला. मला ओरडायचं होतं, पण घर झोपलेलं, म्हणून आत्याचे हात धरून नुसताच हलवत राहिलो. तिने तांब्या उचलला. जाताना म्हणाली, "छप्पर घातलं म्हणून जिंकली. उघड्यावर हरत होती."

मी समजावायचा प्रयत्न केला, की आत्या, 5-5 उघड्यावरच झाले होते. पण ती गेली होती.

श्रोतेहो, या गोष्टीने माझा निम्मा वेळ खाल्ला, आणि काचेपलीकडून मला बोटं दाखवली जातायत. तेव्हा उरलेलं झरझर सांगतो. त्या विजयानंतर त्याच वर्षी अमेरिकन ओपन, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, आणि या जोडीचे सलग 41 विजय. 2016 च्या ऑगस्टमध्ये जोडी फुटली, आणि लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात दोघी एकमेकींसमोर आल्या. सानिया जिंकली. 2018 मध्ये मुलगा झाला, आणि 2020 च्या जानेवारीत ती होबार्टला परत आली तीच स्पर्धा जिंकून.

याच्या आधीचंही थोडं. 2005 साली हैदराबादला तिने एकेरीची डब्ल्यूटीएची, म्हणजे महिला टेनिस संघटनेची, स्पर्धा जिंकली. कुणाही भारतीय महिलेचं तसलं ते पहिलं विजेतेपद. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे चर्चा कशाची होती? तिच्या स्कर्टची. 18 वर्षांची मुलगी स्वेतलाना कुझ्नेत्सोवाला, त्यावेळच्या अमेरिकन ओपन विजेतीला, हरवते आणि आपण कापड मोजत बसतो. पुढे ती जगात पहिली असताना एका नामवंत मुलाखतकाराने विचारलं, आता स्थिरस्थावर कधी होणार, आई कधी होणार? तिने शांतपणे उत्तर दिलं, की मी जगात पहिली आहे हे तुम्हाला पुरेसं स्थिरस्थावर वाटत नाही का, अशा अर्थाचं. त्याने तिथल्या तिथे माफी मागितली, तेवढं त्याचं कौतुक.

मला अजूनही लोक भेटतात आणि म्हणतात, "अहो, पण दुहेरीच ना?" हा "च" मला लागतो. दुहेरीच! जोडीदाराच्या हालचालीवर अर्ध्या क्षणात आपली हालचाल ठरवायची, जाळीवर दोन हातांच्या अंतरावरून येणारा चेंडू परतवायचा, आणि हरल्यावर जोडीदाराकडे रागाने बघायचं नाही. एकेरीतले भले भले तिथे गोंधळतात. पेस आणि भूपती पुरुष दुहेरीत जिंकायचे तेव्हा आपण "च" लावला नव्हता. तिच्यानंतर एकेरीत पहिल्या शंभरात आपली एकही मुलगी गेलेली नाही. दुहेरीत पहिली येणं तर लांबच. 27 आणि 1 हे दोन आकडे मी मघाशी म्हणूनच ध्यानात ठेवायला सांगितले होते.

हो, आणि 2023 साली ती बंगळूरच्या महिला क्रिकेट संघाची मार्गदर्शक झाली होती. टेनिसपटू क्रिकेटची मार्गदर्शक! आपल्या देशात शेवटी सगळ्या वाटा क्रिकेटकडेच जातात, यावर मी एक वेगळं भाषण देऊ शकतो, पण मला कुणी देऊ देणार नाही.

दुबईच्या सामन्यानंतर मी आत्याला फोन केला. तेव्हा ती 84 वर्षांची होती. म्हटलं, "आत्या, ती सानिया आठवते का? शेणाच्या कोर्टावरची? ती आज शेवटचा सामना खेळली. हरली."

"किती वाजता होता?"

"संध्याकाळी."

"छप्पर घातलं होतं का?"

"नाही गं, तिथल्या कोर्टाला छप्परच नाही."

"तरीच," आत्या म्हणाली.

नमस्कार.