परत आलेला डबा

श्रोतेहो, नमस्कार. करोनाची साथ ही महामारी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी सांगितले आणि तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर केले. मधल्या काळात डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि सफाई कामगार यांच्या कष्टांचे पुष्कळ कौतुक झाले. परंतु ही माणसे काय जेवत होती आणि जेवत तरी होती का, हे विचारणारे थोडेच होते. आपल्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचे रुग्ण येतात, दोडामार्गाकडे उन्हाळ्यात माकडतापाचे येतात, तेव्हा हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये.

पीपीई किट एकदा अंगावर चढले की कित्येक तास अन्न नाही, पाणी नाही आणि लघवीला जाण्याची सोय नाही. म्हणून अनेक जणी ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी पिणे टाळत. त्यात आपल्याकडचा मे महिन्याचा दमट उकाडा! हातमोजा काढला की आतून घामाची धार लागे आणि बोटांची कातडी सुरकुतून पांढरीफटक झालेली दिसे. एवढे सोसून बाहेर यावे, तर समोर दात्यांनी पाठवलेला बिस्किटांचा पुडा, फरसाण किंवा गार झालेली बिर्याणी. देणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदरच आहे, तरीही सांगते, आमचा सत्कार करायचाच असेल तर शाल घरी ठेवावी आणि श्रीफळाची सोलकढी करून पाठवावी.

मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात परिसेविका होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी दुसऱ्या लाटेत स्वतःच एक नियम घातला, की किट घालण्याच्या तासभर आधी प्रत्येकाने वाडगाभर उकड्या तांदळाची पेज घ्यायची, मीठ घालून, वर चमचाभर तूप आणि कडेला आंब्याच्या लोणच्याची फोड. त्यामुळे पोटात अन्न जाई, पाणी जाई, मीठही जाई आणि तासभराच्या अवधीत लघवीही उरकून घेता येई. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली, बाहेरून येणारे डबे बंद झाले, तेव्हाही मावशींनी मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून पेज शिजवली.

त्याच सुमारास कंत्राटी भरतीतून आलेला एक तरुण ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, आमच्याकडे होता. मुलगा घाटावरचा. त्याचा वाडगा भरलेलाच परत येऊ लागला, तेव्हा वॉर्डातले सगळे म्हणाले, भाकरीवर वाढलेल्या मुलाला पेज कशी रुचणार? मावशींना ते पटले नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, पयल्या आठवड्यात ह्योच झील वाडगो पुसून खाय होतो. आता तोंडाक लावणा नाय. तेका काय झाला ता जरा इचारा." मी विचारले, तेव्हा कळले, की रात्रपाळीत रुग्ण दगावला की नातेवाइकांना फोन करण्याचे काम न सांगता त्याच्याच गळ्यात पडले होते आणि दिवसा झोपायला गेला की तेच आवाज त्याच्या कानात घुमत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याची रात्रपाळी काढली, फोनचे काम आळीपाळीने वाटून दिले आणि मनोविकारतज्ज्ञांशी त्याचे बोलणे करून दिले. इकडे मावशींनी त्याच्यासाठी मुद्दाम भाकरी आणि ठेचा केला. तो खाऊन मुलगा म्हणाला, "मावशी, ह्याला ठेचा म्हणत नाहीत, ह्यात तिखटच नाही." जेवणाला नाव ठेवण्याइतकी त्याची जीभ जागी झाली, याचा मावशींना एवढा आनंद झाला, की ही तक्रार त्यांनी दिवसभर साऱ्या रुग्णालयाला ऐकवली.

श्रोतेहो, भूक मरणे हे मन थकल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा माणसाला "कसा आहेस" असे विचारले तर "बरा आहे" एवढेच उत्तर मिळते. म्हणून डबा बघावा. तुमच्या घरात कोणी परिचारिका असेल, आशाताई असेल, रुग्णवाहिकेचा चालक असेल, तर ड्यूटीवरून आलेला डबा उघडून बघावा. तो सलग काही दिवस भरलेला आला, तर भाजीत मीठ कमी पडले का, याची चर्चा न करता त्या माणसाजवळ बसावे.

आता थोडे खाण्याविषयी. रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण ड्यूटीला निघण्यापूर्वी करावे. मध्यरात्रीनंतरचे जड जेवण शरीराला नीट पेलत नाही. पहाटे चहावर चहा घेण्यापेक्षा नाचणीची आंबील घ्यावी. बांगडा आणि तारली यांच्यातील मेद मेंदूच्या उपयोगाचा असतो आणि ही मासळी महागड्या सुरमईपेक्षा कुठेही कमी नाही, हे माझे जुने मत आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा रोज खारा मासा खाऊन रक्तदाब वाढवून घेण्यापेक्षा कुळीथ, वाल आणि मूग यांवर भर द्यावा.

मात्र आहार हा उपचाराला पर्याय नव्हे. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. क्रमांक आहे 14416. कागद-पेन घ्यायला उठलेल्यांसाठी पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा. नमस्कार.