राजमुकुट आणि पिवळे फलक

[दृश्य: टॉवर ऑफ लंडनमधली काचपेटी. चमच्याचा जवळून घेतलेला शॉट.]

हा चमचा नीट पाहा. लांबीला वीतभरापेक्षा थोडा जास्त. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा, दांड्यावर चार मोती. पुढचा खोलगट भाग मधोमध एका उंचवट्यानं विभागलेला आहे, आर्चबिशपना दोन बोटं तेलात बुडवता यावीत म्हणून. बाराव्या शतकातली ही वस्तू. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो तो मुकुटाचा, पण ब्रिटनच्या राज्याभिषेकाचा गाभा या चमच्यातल्या तेलात आहे. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्सच्या हातांना, छातीला आणि मस्तकाला हे तेल लावलं गेलं, तेव्हा भोवती पडदे उभे केले होते. जगभर थेट प्रक्षेपण सुरू होतं, पण हा एवढा विधी कॅमेऱ्याला दाखवला गेला नाही.

या चमच्याला आणखी एक इतिहास आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये पहिल्या चार्ल्सचा भर रस्त्यावर शिरच्छेद झाला. संसदेनं राजेशाहीच रद्द केली. मुकुट वितळवले, सोन्याची नाणी पाडली, रत्नं विकून टाकली. चमचा मात्र क्लेमंट किनर्स्ली नावाच्या माणसानं १६ शिलिंग देऊन विकत घेतला. तो पूर्वी राजाच्याच सेवेत होता. ११ वर्षांनी राजेशाही परत आली आणि किनर्स्लीनं चमचा दुसऱ्या चार्ल्सच्या स्वाधीन केला. तिसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर आपण पाहिला तो दोन किलोंहून जड सेंट एडवर्ड्‌स क्राउन नाव सांगतो अकराव्या शतकातल्या राजाचं, पण घडवलेला आहे १६६१ साली.

ब्रिटनची राजेशाही म्हणजे कधीही खंड न पडलेली परंपरा, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तसं ते नाही. राजा हवा की नको, हा प्रश्न त्या देशानं एकदा कुऱ्हाडीनं सोडवून पाहिला आहे आणि नंतरही तो वारंवार उकरून काढला आहे.

[दृश्य: लंडनमधली एक गल्ली, पताका, रस्त्यावर मांडलेली टेबलं.]

२०२३ च्या एप्रिलमध्ये, राज्याभिषेकाच्या तोंडावर, यूगव्ह या संस्थेनं लोकांचं मत विचारलं. राजेशाही राहावी असं ५८ टक्के म्हणाले. लोकांनी निवडलेला राष्ट्रप्रमुख हवा असं २६ टक्के म्हणाले. एवढ्यावर थांबलं तर निकाल स्पष्ट वाटतो. पण वयाप्रमाणे आकडे पाहिले की चित्र बदलतं. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी ७८ टक्के राजेशाहीच्या बाजूचे होते. १८ ते २४ वयोगटात राजेशाहीला पाठिंबा ३२ टक्के आणि निवडून आलेल्या राष्ट्रप्रमुखाला ३८ टक्के. याच सुमारास, राज्याभिषेकाचा खर्च सरकारनं करावा का, असंही विचारलं गेलं. ५१ टक्के लोक नको म्हणाले.

याहून लांब पल्ल्याचा हिशेब 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' या सर्वेक्षणात मिळतो. १९८३ मध्ये राजेशाही टिकणं महत्त्वाचं आहे असं ८६ टक्के लोकांना वाटत होतं. २०२३ मध्ये ती रद्द करावी, तिला महत्त्व नाही किंवा फारसं महत्त्व नाही, असं म्हणणारे मिळून ४५ टक्के झाले. हे सगळे काही फलक घेऊन रस्त्यावर उतरणारे नाहीत. राज्याभिषेकाची सोमवारची सुटी घेऊन घरची कामं उरकणारेच त्यांत जास्त.

तरीही जे समारंभासाठी येतात त्यांना भोळे समजणं अन्यायाचं ठरेल. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी गेली. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तिचं अंत्यदर्शन घ्यायला थेम्सच्या काठानं साऊथवर्क पार्कपर्यंत रांग लागली. सुमारे अडीच लाख माणसं त्या रांगेतून गेली. रात्रभर, थंडीत, बारा-बारा तास उभं राहून. कुणी त्यांना ट्रकमध्ये भरून आणलं नव्हतं. आणि त्या वर्षाचं राजकारण आठवा. जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या, ४९ दिवसांत त्याही गेल्या, मग सुनक आले. पंतप्रधानपदाची अशी संगीतखुर्ची सुरू असताना पक्षाबाहेरचं कुणीतरी एक स्थिर आहे, हा दिलासा खोटा नव्हता. राजेशाहीच्या बाजूचा मला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे.

[दृश्य: व्हिक्टोरियाच्या काळातली रेखाचित्रं.]

आता थोडं मागे जाऊ. ब्रिटिश समारंभ म्हटलं की घड्याळाच्या काट्यावर चालणारी घोडदळाची पथकं आठवतात. पण २८ जून १८३८ रोजी, व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकात, सगळा गोंधळ उडाला होता. आर्चबिशपनं अंगठी भलत्याच बोटात दाबून बसवली. ती काढताना राणीच्या जिवाचे हाल झाले. लॉर्ड रोल हे ऐंशी ओलांडलेले सरदार मानवंदना द्यायला निघाले आणि पायऱ्यांवरून गडगडले. एका बिशपनं पोथीची दोन पानं एकदम उलटली आणि विधी संपला म्हणून सांगून टाकलं. राणीला परत बोलवावं लागलं.

१८६१ मध्ये पती अल्बर्ट वारला आणि राणी लोकांना दिसेनाशी झाली. १८६४ मध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या कुंपणावर कुणीतरी पाटी लावली: धंदा बसल्यामुळे ही प्रशस्त वास्तू भाड्यानं देणे किंवा विकणे आहे. १८७१ मध्ये चार्ल्स डिल्क या खासदारानं न्यूकॅसलच्या सभेत राजघराण्याच्या खर्चाचा हिशेब मांडला आणि प्रजासत्ताकाची मागणी केली. त्याच हिवाळ्यात युवराज विषमज्वरानं मरणाच्या दारात गेला आणि वाचला. फेब्रुवारी १८७२ मध्ये सेंट पॉल्समध्ये आभाराची प्रार्थना झाली, राणी मिरवणुकीनं लोकांसमोर आली, रस्ते गर्दीनं फुलले आणि प्रजासत्ताकाची चळवळ ओसरली. लोकांपुढे दिमाखात येण्याचं मोल राजवाड्याला तेव्हा कळलं. आज ज्याला पुरातन परंपरा म्हणतात तो रेखीव थाट बराचसा त्यानंतरच्या काळात घडत गेला.

त्या थाटाची झळ आपल्याकडेही पोहोचली. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं ते १८८७ च्या सुवर्णमहोत्सवात. दहा वर्षांनी हीरकमहोत्सव आला तेव्हा पुण्यात प्लेगनं घरं ओस पाडली होती आणि प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली सोजीर घराघरांत घुसले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये महोत्सवाचा सोहळा झाला. तिथून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आणि २०२३ मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांनी चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी पुणेरी पगडी आणि उपरणं भेट म्हणून घेतलं. २००३ मध्ये मुंबईत येऊन त्यांचं काम समजून घेणारा आणि २००५ मध्ये आपल्या लग्नाला त्यांच्या प्रतिनिधींना बोलावणारा हा पाहुणा त्यांच्या ओळखीचा होता. या दोन्ही भावना मराठीच आहेत, आणि त्यांतली एक खरी नि दुसरी खोटी ठरवण्याची मला गरज वाटत नाही.

[दृश्य: विंडसर कॅसल, छपरातून निघणाऱ्या ज्वाळा, १९९२.]

ब्रिटनमध्ये मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. लोकमत बिघडलं की राजवाडा बदलतो. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयी संताप होता, म्हणून पाचव्या जॉर्जनं १९१७ मध्ये घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये विंडसर कॅसलला आग लागली. दुरुस्तीचा खर्च सरकार करेल, असं मंत्र्यांनी सांगताच लोक खवळले. देशात मंदी होती. लोकांची घरं कर्जापायी जप्त होत होती. काही दिवसांतच जाहीर झालं की राणी आयकर भरणार. पुढच्या वर्षी बकिंगहॅम पॅलेसचे दरवाजे तिकीट लावून उघडले गेले आणि दुरुस्तीच्या साडेतीन कोटींहून अधिक पौंडांतला मोठा वाटा त्यातून उभा राहिला.

कर भरा म्हणणारे, हिशेब मागणारे, कुंपणावर पाटी लावणारे: राजघराणं आजवर टिकलं त्यात जयजयकार करणाऱ्यांइतकाच वाटा या लोकांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

२०२३ चा सोहळाही लोकमत पाहूनच आखला गेला. १९५३ मध्ये ॲबीत आठ हजारांवर पाहुणे होते, या वेळी २,२०० च्या आसपास. सुनक हे तेव्हाचे हिंदू पंतप्रधान. त्यांनी बायबलचा उतारा वाचला. राजाकडे अंगठी आणली लॉर्ड नरेंद्र पटेल यांनी, हातमोजा आणला तो विम्बल्डनचे लॉर्ड सिंग या हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या शीख सभासदानं. कॅमिला राणीच्या मुकुटात कोहिनूर नव्हता. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या लोकांनी राजनिष्ठेची शपथ मोठ्यानं म्हणावी, असं आधी ठरलं होतं. त्यावर टीकेची झोड उठली आणि समारंभात आर्चबिशपनी त्या आवाहनाचे शब्द मवाळ केले.

[दृश्य: ट्रॅफल्गर चौक. पाऊस. पिवळे फलक.]

मग त्याच दिवशी सकाळी रस्त्यावर जे घडलं ते कसं समजून घ्यायचं? निदर्शनांविषयीचा कडक कायदा राजाच्या संमतीनं तीन-चार दिवसांपूर्वीच लागू झाला होता. 'रिपब्लिक' ही राजेशाही रद्द करा म्हणणारी संघटना. निदर्शनांबद्दल त्यांचं पोलिसांशी आधीच बोलणं झालं होतं. तरी तिचे प्रमुख ग्रॅहम स्मिथ आणि त्यांचे पाच सहकारी फलक उतरवत असतानाच पकडले गेले. फलक बांधायला आणलेले पट्टे स्वतःला जखडून घेण्यासाठी आहेत, असा पोलिसांना संशय. सोळाएक तासांनी, मिरवणूक केव्हाच संपल्यावर, सुटका झाली. पुढे आरोप ठेवले गेले नाहीत. पोलिसांनी खेद व्यक्त केला.

त्या दिवशी लंडनमध्ये ६४ जणांना अटक झाली. त्यांत ऑस्ट्रेलियातली एक बाई होती. ती राजघराण्याची चाहती. मिरवणूक पाहायला 'द मॉल' रस्त्यावर जागा धरून उभी होती. जवळपास पर्यावरणवादी निदर्शक होते, म्हणून तिलाही उचललं. तेरा तास ती कोठडीत होती. रात्री उशिरा घरी जाणाऱ्या बायकांना आधार देणाऱ्या तीन स्वयंसेवकांनाही आदल्या रात्री पकडलं. कारण, त्यांच्याजवळ संकटात वाजवायचे अलार्म होते. घोडे बुजतील, अशी भीती पोलिसांना होती.

एवढी मोठी गर्दी, जगभरचे राष्ट्रप्रमुख, पोलिसांवर ताण होता हे मान्य. पण 'हा माझा राजा नाही' असं लिहिलेल्या फलकाला एवढं घाबरण्याचं कारण मला सापडत नाही. एका बाजूनं लाखो लोक जमले असताना काहीशे लोकांचा आवाज राजाच्या कानावर पडला असता, तर समारंभ उणा झाला नसता.

लंडनबाहेर तो आवाज ऐकू आलाच. त्याच संध्याकाळी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत वाजलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. या शहराच्या मनात १९८० च्या दशकापासून आणि १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीपासून सरकारी यंत्रणेविषयी खोल राग आहे; राष्ट्रगीत हे त्याला त्या यंत्रणेचं गाणं वाटतं. जुलैमध्ये एडिंबरात चार्ल्सला स्कॉटलंडचा मुकुट अर्पण झाला तेव्हा सेंट जाइल्स चर्चबाहेरही विरोधाच्या घोषणा झाल्या. आणि याच्या उलटही घडलं. आयर्लंडचं एकीकरण मागणाऱ्या शिन फेनच्या मिशेल ओनील ॲबीत येऊन बसल्या.

[दृश्य: फूड बँकेतली फडताळं, मग राजवाड्याचा दर्शनी भाग.]

यापुढचा वाद पैशाभोवती फिरेल, असं दिसतं. राज्याभिषेकावर सरकारचे ७ कोटी २० लाख पौंड खर्च झाले, हा आकडा बाहेर यायला दीड वर्ष लागलं. त्या वसंतात ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरात १९ टक्क्यांनी चढले होते. राजाच्या कामकाजासाठी मिळणारं सरकारी अनुदान अनेक वर्षं ८ कोटी ६३ लाख पौंड होतं. २०२५-२६ मध्ये ते १३ कोटी २१ लाखांवर गेलं. बकिंगहॅम पॅलेसच्या जुन्या वायरी, पाइप आणि बॉयलर बदलण्यासाठी ही वाढ, असं राजवाडा सांगतो. 'क्राउन इस्टेट'चा, म्हणजे राजाच्या नावावर असलेल्या मालमत्तेचा, नफा सरकारी तिजोरीत जातो आणि त्याचा छोटा हिस्साच राजाला परत मिळतो, हेही राजवाड्याचं म्हणणं. रिपब्लिकवाल्यांचं उत्तर असं की क्राउन इस्टेट जनतेचीच आहे, आणि पोलीस बंदोबस्त वगैरे धरला तर खरा वार्षिक खर्च ५१ कोटी पौंडांवर जातो.

मला यात सर्वाधिक खटकतं ते डचींचं, म्हणजे राजघराण्याच्या खासगी जहागिरींचं, प्रकरण. लँकेस्टरची डची राजाकडे, कॉर्नवॉलची युवराजाकडे. या जमीनजुमल्यावर कॉर्पोरेशन टॅक्स नाही. २०२४ मध्ये पत्रकारांनी उघड केलं की या डची सरकारी दवाखान्यांकडून आणि धर्मादाय संस्थांकडूनही भाडं घेत होत्या. लंडनच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाला रुग्णवाहिका ठेवायला लँकेस्टर डचीचं गोदाम भाड्यानं घ्यावं लागलं होतं. धर्मादाय कामांचं आश्रयदातेपद मिरवणाऱ्या घराण्याला हे शोभत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राजानं आपल्या सख्ख्या भावाचा, अँड्र्यूचा, 'प्रिन्स' हा किताब काढून घेतला. जेफ्री एपस्टीन या अमेरिकी लैंगिक गुन्हेगाराशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून लोकांचा राग इतका वाढला होता की दुसरा रस्ता उरला नव्हता. म्हणजे लोकमतापुढे वाकण्याची जुनी सवय शाबूत आहे. युवराज विल्यमच्या राज्याभिषेकाची वेळ येईल तेव्हा आज विशीत असलेली पिढी कर भरत असेल, मतदान करत असेल. २०२३ च्या पाहणीत तिच्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शानं कोणतीच बाजू घेतली नव्हती. डचींच्या भाड्याचा आणि कराचा हिशेब संसदेपुढे खुला करायला राजवाड्यानं तोवर थांबू नये.