डोंगर हलला, पण खालचं पाणी?

मंडळी, इंदूरजवळच्या देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे कचरा डेपोवरचा, सुमारे 13 लाख टन जुना कचरा बायोमायनिंग करून, म्हणजे खणून-चाळून वेगळा करून, हटवला गेला. काम फार मोठं झालं. पण अशा जागेतून वर्षानुवर्षं जमिनीत मुरणारा काळा निचरा, म्हणजे लीचेट, कचऱ्याबरोबर ट्रकमध्ये चढत नाही. म्हणून आसपासच्या बोअरिंगची तपासणी चालूच राहायला हवी.

2016 च्या घनकचरा नियमांनी नव्या लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचं एचडीपीई (टणक प्लास्टिक) अस्तर बंधनकारक केलं. जुन्या उघड्या ढिगांखाली असते ती नुसती माती आणि मुरूम. आपली काळी माती ओली असताना फुगते, पाणी अडवते. मे महिन्यात मात्र तिला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून सरळ खाली उतरतो. पुढे बेसाल्टमध्ये, म्हणजे खालच्या काळ्या खडकात, पाणी वाहतं ते फटींतून. त्यामुळे 100 मीटरवरची विहीर चांगली आणि 400 मीटरवरची बिघडलेली, असंही होतं. नुसतं अंतर मोजून निर्धास्त राहू नका. जमिनीखालच्या पाण्याचा उतार कुठे आहे ते पाहा; त्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन बोअरिंगमधली पातळी समुद्रसपाटीपासून मोजावी लागते. जवळ कुणी जोरात उपसा सुरू केला, तर हा उतारही फिरतो.

लीचेट पाण्यात मिसळल्याची पहिली खूण बहुधा क्लोराइड देतं, कारण ते मातीला चिकटत नाही. त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. पण सांडपाण्यातही क्लोराइड असतंच! म्हणून पाण्याच्या उतारावर ढिगाच्या वरच्या अंगाला असलेलं एक बोअरिंग तुलनेला घ्या आणि अमोनिया, लोह, मँगनीजही तपासा. उपसताना नितळ दिसणारं पाणी बादलीत तासाभरानं तांबूस झालं, तर लोहाचा संशय घ्यावा. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कशाचे ते नाही.

नमुना घेताना सर्रास चूक होते ती इथे: मोटर सुरू करून लगेच बाटली भरतात. सहा इंची बोअरिंगमध्ये दर मीटरला साधारण 18 लिटर पाणी उभं असतं. 40 मीटर पाणी असेल तर 720 लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे 2,100 लिटरहून थोडं जास्त उपसून मगच नमुना घ्या. धातूंसाठीच्या बाटलीत प्रयोगशाळेनं दिलेलं नायट्रिक आम्ल हवं, जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एकदा मेअखेर, एकदा पावसाळ्यानंतर.

आणि केसिंग, म्हणजे बोअरिंगच्या भिंतीला आधार देणारा पाइप. हा पाइप मुरुमातच थांबला, किंवा त्याच्या भोवतीची पोकळी सिमेंटनं बुजवली नाही, तर वरचं घाण पाणी पाइपाच्या कडेनं थेट खोल झऱ्यात जातं. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं असेल तर पाणी उकळू नका, उकळल्यानं ते आणखी दाट होतं. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी तर ते पाणी अजिबात नको; नळाला येणारं नर्मदेचं पाणी वेगळं साठवा.